वेगळी खोली

ब्रिस्बेनच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना माझ्यासमोर अफगाणिस्तानातून परतलेला एक फौजी आणि त्याचे म्हातारे वडील बसले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एरवी बंदी असलेली नशेची गोळी देऊन युद्धाचा धसका घेतलेल्या त्याच्या मनावर उपचार व्हायचे होते.

“सरकारनं खर्च मंजूर केलाय, बाबा, पण माझ्याहून वाईट हाल असलेली पोरं आहेत. त्यांना मिळू दे.”

“डॅरिल, व्हिएतनामहून आल्यावर मीही हेच म्हणालो होतो.”

“तुम्ही तर ठणठणीत होतात!”

“झोपेत मी तुझ्या आईचा गळा धरायचो. म्हणून ती वेगळ्या खोलीत झोपायची.”

“आई म्हणायची, तुम्ही घोरता.”

“तुम्हा पोरांना तेवढंच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.”

नर्सनं हाक मारली. डॅरिल उठला आणि वडिलांकडे पाहत त्यानं विचारलं,

“सिस्टर, म्हाताऱ्या फौजींनाही हे उपचार मिळतात का?”

“चौकशी करते की.”

“आधी तू जा रे, गाढवा. मी बसलोय इथं.”