भक्तीचं तेल

दुपारचं ऊन पूर्णा स्टेशनच्या बाकाखाली शिरून बसलं होतं. सटवाजी मुंबईच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी सासू-सून होत्या आणि सुनेच्या मांडीवर पाच वर्षांची पोर निजलेली.

“आत्या, भक्तीचं झटक्याचं तेल कुठं ठिवलंत?”

“खोबरेलाच्या बाटलीत वतलं. इमानतळावर कोन हुंगून बघायलंय?”

“कुत्री हुंगत्यात, आत्या. गांजाच्या झाडापासून काढत्यात ते. सीबीडी म्हनत्यात. दुबईत सापडलं तर तुरुंग हाय.”

“मग डॉक्टरची चिठ्ठी दाखव की. सही हाय, शिक्का हाय.”

“भक्तीच्या पप्पांनी तिथं इचारलं. इथली चिठ्ठी तिथं चालत न्हाई.”

“तिथलं दुसरं औषध दे.”

“तीन औषधं करून झाली. या तेलावर चार महिने झाले, एकबी झटका न्हाई.”

“माझा बालाजी काय म्हनतो?”

“तेल ठिवून या म्हनत्यात. दोन वर्सं झाली, त्यांना सुट्टी मिळंना. पोरीला फोनवरच बघायलेत.”

सटवाजींनी उगाच रुळांकडं पाहिलं.

“तेल माझ्यापाशी ठिव, निकिता. पोरीलाबी ठिव. तू जा त्याच्याकडं.”

“ती माझ्या केसात बोटं घातल्याबिगर झोपत न्हाई, आत्या.”

म्हातारीनं डोक्यावरचा पदर मागं सारला. आत पांढरे, विरळ केस होते.

“माझे थोडे हायत. हळू धरायला शिकवीन तिला.”