कातळखिंडीतल्या विहिरीवरची बाई

सरा गं जरा, धगीला बसू द्या मला. काहिलीखाली पाचट ढकला कुणीतरी, हळद शिजायला अजून लई येळ हाय. झोप येती म्हणता? मग ऐका. ही गोष्ट ऐकून कुणाला झोप आली तर माझं नाव बदला!

कातळखिंड ठावं हाय न्हवं? डोंगरवाडीकडनं आपल्या वाडीत उतरती ती. मधोमध जुनी विहीर हाय, पायऱ्यांची. त्या विहिरीवर जाखीण हाय. हसू नगंस वैजू! जाखीण म्हंजी नवरा जिता असताना मेलेली बाई. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुकू, आन् जीव हितंच अडकलेला.

तर डोंगरवाडीत सुंद्रा नांदत व्हती. आपल्या वाडीची लेक. नवरा रावसाब, बैलजोडीवाला गडी. मनगट असं, की उधळलेला खोंड एका हातानं धरून ठेवायचा. लोक म्हणायचे, काय ताकद, काय ताकद! ती ताकद घरात कुणावर चालती, ते कुणी इचारत न्हवतं.

त्या रातीला काय झालं, तर पोरीला ताप व्हता. बायडी तिचं नाव, कडेवरची पोर. सुंद्रानं घरातलं व्हतं नव्हतं ते दूध पोरीला पाजलं. रावसाब आला पिऊन. म्हणला, "दूध कुठाय?"

"पोरीला दिलं. अंग भाजतंय तिचं."

बस. एवढंच. जुवाची शिवळ व्हती कोपऱ्यात, बैलाच्या मानेजवळ जुवात घालायचा दांडका. बाभळीची, ही एवढी जाड. ती उचलली आन् घातली. पाठीत घातली, मांडीवर घातली. तिनं डोकं वाचवायला डावा हात वर केला, तर हातावर घातली. कड्‌दिशी आवाज आला. वाळली फांदी मोडावी तसा! ती वरडली. सगळ्या डोंगरवाडीनं ऐकलं. आन् काय केलं? दारं लावून घेतली. नवराबायकोचं हाय, आपण कशाला मधी पडायचं? अशी ती वाडी.

रावसाबानं तिचे केस धरले, तोंड उंबऱ्यावर आपटलं आन् म्हणला, "गुत्त्यावर जाऊन येतो. आल्यावर तुला आन् तुझ्या पोरीला हिरीत लोटतो." आन् गेला.

सुंद्रा पडली तशी उठली. दातातनं रक्त गळतंय, हात लोंबतोय. पोरीला उजव्या कडेवर घेतली, पदरानं बांधली आन् निघाली. आता तुम्ही म्हणाल, डांबरी रस्ता सोडून खिंडीनं कशाला गेली? अगं, रस्त्यावर गुत्ता! त्याच्या डोळ्यांपुढनं जाणार व्हती व्हय? म्हणून ती वाट. रातीची. एकटी.

खिंडीत शिरली आन् मागं आवाज आला. किण. किण. बांगड्यांचा. सुंद्रा थांबली. आवाज थांबला. चालली. किण. किण. तिनं आपला हात बघितला, तर तिच्या बांगड्या तर घरातच फुटल्या व्हत्या! मग कुणाच्या वाजत्यात?

ती पळायला लागली. तशी म्होरनं हाक आली, "सुंद्रे..."

आईचा आवाज. तिच्या आईचा! आई तर मागल्या साली वारलेली.

"सुंद्रे, माघारी जा. नांदत्या घरी जा. पोरीची जात हाय, सोसाय पायजे."

ऐका, ते बोलणं काही भुताचं न्हवतं बरं. तिची आई जिती असताना हेच म्हणायची. सुंद्रा मार खाऊन यायची, आई तिला जेवू घालायची, डोक्याला तेल लावायची आन् माघारी पाठवायची. जाखिणीनं बरोबर तोच आवाज काढला. बाईला कुठं दुखतंय ते तिला ठावं असतंय.

सुंद्रानं कान झाकावं तर हात मोडका. ती मोठ्यानं म्हणली, "आई, ह्या येळी न्हाई जात." आन् चालत राहिली.

वळणावर एक बाई उभी. लुगडं नेसलेली, पदर डोक्यावरनं खाली ओढलेला. गरिबासारखी म्हणली, "बया, हात मोडलाय जणू तुझा. पोर दे माझ्याकडं. वाट अवघड हाय, पडशील."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? सगळ्या जगात तिला पहिल्यांदा कुणीतरी मायेनं इचारलं व्हतं! हात ठणकत व्हता, डोळ्यांपुढं अंधारी येत व्हती. तिनं पोर दिली. हां! दिली पोर!

बाई म्होरं चालायला लागली. "कुठं निघालीस?"

"माहेरी. भावाकडं."

"माहेर माघारी धाडतंय गं. मलाबी धाडलं. मार खाऊन गेले की धाडायचे. शेवटच्या येळी भाऊ सोडायला आला, चहा पिऊन गेला. त्याच रातीला..." आन् बाई थांबली.

चांदणं पडलं व्हतं. वाऱ्यानं तिचा पदर घसरला. सुंद्रानं मागनं बघितलं. बाईला मागलं डोसकं न्हवतं! मुसळानं ठेचावं तसं ठेचलेलं. केस वले चिकट, आन् मधी खड्डा. आन् तिच्या खांद्यावर बायडी झोपलेली!

बाई वाट सोडून चालली, थेट विहिरीकडं. काठावर बसली, पाय आत सोडले, पोर मांडीवर घेतली.

"ये," म्हणली. "पाणी थंड हाय. हितं कुणी मारत न्हाई. कुणी माघारी धाडत न्हाई. ये, आपण तिघी ऱ्हाऊ."

खरं सांगू? सुंद्रानं मला पुढं सांगितलं, मावशी, मला जावंसं वाटलं. लई दमले व्हते. पाण्याकडं बघून वाटलं, हितं झोपावं.

तेवढ्यात बायडी झोपेत कण्हली. बस, तेवढ्यानं सुंद्रा जागी झाली. म्हणली, "पोर दे. तिनं अजून काही बघितलं न्हाई जगात. दे माझी पोर!"

जाखीण म्हणली, "देऊन काय करशील? त्यो बघ, आला."

आन् खरंच की! खिंडीत बॅटरीचा उजेड. रावसाब! हातात तीच शिवळ. आला तसा सरळ पोटात लाथ घातली. सुंद्रा पडली. केस धरून फरफटत नेली तिला विहिरीच्या दगडापतुर. डोकं धरलं आन् दगडावर हाणलं. एकदा. पुन्हा. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त. मोडक्या हातावर पाय देऊन उभा राहिला आन् म्हणला, "माहेरी जातीस? तुला हितंच पुरतो!" आन् शिवळ वर केली.

काठावर जाखीण बसलेली. नुसती बघत व्हती. जसं डोंगरवाडीनं बघितलं तसं.

तवा सुंद्रा वरडली. देवाला न्हाई, आईला न्हाई. जाखिणीला! "बाई! तुला मारलं तवा कुणी आलं न्हाई! तू तरी ये!"

शिवळ खाली आली, ती मधीच थांबली. कुणीतरी मनगट धरलं व्हतं. हिरवा चुडा असलेल्या हातानं!

रावसाबानं वळून बघितलं, तर सुंद्राच उभी! खाली पडलेली ही आन् समोर उभी ती, दोन दोन सुंद्रा. त्यानं समोरचीला दुसऱ्या हातानं थोबाडीत मारली. तिचं तोंड फिरलं, पार मागं फिरलं, आन् मागल्या अंगाला तो खड्डा! "मार," म्हणली ती. "अजून मार की." आन् मनगट पिळलं. आरं देवा! उसाच्या चरकात सापडल्यागत हाडं वाजली. खोंड धरणारा गडी, पर लेकरागत केकाटला. "सोड! आई गं! सोड मला!" तिनं केस धरले त्याचे. फरफटत नेला. एक एक पायरी त्याचं डोकं आपटत खाली, खाली, पाण्याकडं.

जाखिणीनं काठावर ठेवलेली पोर सुंद्रानं उचलली आन् पळाली. रावसाब खालनं वरडत व्हता, "सुंद्रे, वाचव गं!" ती थांबली न्हाई. का थांबावं? सांगा!

पण जाखीण ती जाखीण. तिला सोबत पायजे व्हती. सुंद्रा उताराला लागली, आन् मागं पुन्हा किण, किण, किण! जोरात! "थांब! तुझं काम केलं, आता एकटी सोडून जाऊ नगंस!" मानेवर गार श्वास आला. आपल्या वाडीच्या शिवेचा दगड पुढं दिसतोय, शीव वलांडून जाखिणीला येता येत न्हाई, आन् मागनं पदर धरला. ओढला! सुंद्रानं मान न वळवता सगळा जीव लावून उडी घेतली. टर्रकन लुगडं फाटलं. ती शिवेच्या ह्या अंगाला पडली, पोरीवर आडवी. शिवेच्या पल्याड कुणीतरी हुंदके देत व्हतं. लांबवर. लई येळ.

खिंडीकडनं उतरताना पहिलं घर माझं. उजाडताना मी चूल पेटवत व्हते, तर दारात सुंद्रा उभी. अर्धं लुगडं, सगळी रक्तानं माखलेली, पोर घट्ट धरलेली. मी आत घेतली. भाऊ आला तिचा, खाली मान घालून म्हणला, "मावशी, समजूत काढून धाडून देऊ." मी म्हणले, "तुझ्या भैणीचं डोसकं मागनं उघडं पडल्यावर येशील का मग?"

चौकीवर मी गेले तिच्यासंगं. हवालदार म्हणला, घरातलं हाय, मिटवा. आम्ही बसलो. भाकरी बांधून नेली व्हती. बायका येत गेल्या, बसत गेल्या. चौकीत पाय ठेवायला जागा राहिली न्हाई, तवा लिहून घेतलं त्यानं. रावसाब जिता सापडला, पायरीवर. चोरांनी मारलं म्हणायचा. तुरुंगात गेला. त्याचा उजवा हात पुन्हा वर झाला न्हाई, भाकरीचा तुकडाबी डाव्यानं मोडतो.

मग जत्रेच्या बैठकीत आम्ही बायका उठलो. म्हणलं, यष्टी थांब्याजवळ एक खोली पायजे. मार खाऊन आलेल्या बाईला उतरायला. पुढारी म्हणला, "पैसा कुठनं आणायचा?" सुंद्राच बोलली, हात गळ्यात बांधलेला व्हता तिचा. "ऑर्केस्ट्रा कुठनं आणता, तिथनंच." लई दंगा झाला. दोघं तर अंगावर आले आमच्या. पर त्या साली ऑर्केस्ट्रा आला न्हाई, खोली झाली. खाट हाय, शेगडी हाय, डॉक्टरला न् वकिलाला द्यायला पैसे असत्यात. कडी आतनं हाय. तवापासनं हळदीच्या हंगामात घराघरातनं वाटा जातो तिथं. आजच्या ह्या काहिलीतनंबी जाणार, कुणी नाक मुरडू नगा. किल्ली सुंद्राकडं असती.

तर बायांनो, अंधार पडल्यावर कातळखिंडीनं जाऊ नगा. मायेनं कुणी पोर मागितली तरी देऊ नगा. ती वाईट न्हाई, पर एकटी हाय, आन् दुखावलेल्या बाईला ती आधी हाक मारती. त्या वाटेला जायचं, ज्यांना दुसरी वाट न्हवती त्यांनी. तुम्हाला हाय.

शेवंता, मघापासनं तू गालावरचा पदर सोडंना झालीस. धग लागती म्हणून न्हाई, मला दिसतंय. ऊठ बाळ. काहिलीकडं ह्या बघतील. आज घरी जायचं न्हाई, खोलीवर जायचं. मी येते संगं. चल.