ज्यूराच्या स्लाइड्स

फ्रान्सचं कौतुक मला नका सांगू. चौऱ्याऐंशी साली आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून तिकडे ज्यूराला गेलो होतो. वाइनसाठी नावाजलेला छोटासा भाग, जिकडेतिकडे द्राक्षांचे मळे. प्रत्येक मळ्यात चव घ्यायला ग्लास हातात द्यायचे. माझा फोटो काढताना नवरा म्हणायचा, "ग्लास पाठीमागे धर. आई बघेल." त्याचा फोटो मी काढायचे, तेव्हा हा ग्लास उंचावून उभा.

पुढे सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या. यानं हौसेनं प्रोजेक्टर लावला. चार स्लाइड्स बघून त्या म्हणाल्या, "हिचा हात सगळीकडे मागेच का रे? बांगड्या घातल्या नव्हत्या वाटतं."

पुढची स्लाइड लावत नवरा म्हणाला, "किती वेळा सांगतो तिला, आई. ऐकतच नाही."