मंठामार्गे कॅनडा

(जुना जालना. दुपारचे दोन. ओसरीवर चार बॅगा, दार सताड उघडं.)

जगन्नाथ : प्रेमला, मी शांतपणे विचारतोय. पासपोर्ट कुठे आहेत?

प्रेमला : तुम्ही शांतपणे विचारलं की मला घाम फुटतो. आहेत. सुखरूप आहेत.

जगन्नाथ : सुखरूप कुठे? तीनला गाडी येणार. उद्या सकाळी मुंबईहून विमान. आपली नात अंतरा सहा वर्षांची झाली, अजून आपण तिला फोनवरच बघतोय. आणि पासपोर्टच्या पाकिटात तुझी बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी निघाली!

प्रेमला : गोजरबाईकडे आहेत.

जगन्नाथ : शेजारी? आपले पासपोर्ट?

प्रेमला : प्रस्थान ठेवलंय हो. आज अमावास्या. तुमच्या लेकाने, वरदने, तिकीट काढताना पंचांग थोडंच बघितलं! म्हणून शनिवारी चांगल्या वेळेला बोचकं बांधलं आणि शेजारी ठेवलं. म्हणजे आपण शनिवारीच निघालो. आज नुसतं जायचं. सासूबाई असंच करायच्या. मामंजी कापडाच्या खरेदीला हैदराबादला जायचे, तेव्हा त्यांची पिशवी आधी चार दिवस समोरच्या घरी मुक्कामाला असायची. पिशवी तिकडे आणि मामंजी इकडे पाटावर. वाढताना सासूबाई म्हणायच्या, "तुम्ही गावाला गेलाय, लोणचं मागू नका."

जगन्नाथ : प्रस्थानाला सुपारी पुरते. हळकुंड पुरतं.

प्रेमला : मागच्या वेळी सुपारीच ठेवली होती. व्हिसा नाकारला. सुपारीला तिकडे कोण विचारतं? पासपोर्ट म्हणजे साक्षात आपण. फोटोसकट.

जगन्नाथ : बरं. घेऊन ये.

प्रेमला : घरात परत आणायचं नसतं. जाता जाता तिथूनच उचलायचं. या, या गोजरबाई! तुमचंच नाव निघालं होतं.

गोजरबाई : निघाल्या का वहिनी? ह्या दशम्या घ्या, मंठ्याच्या वाटेत खायला. पण काय हो, चार बॅगा? नणंदेकडं, मीनाताईकडं आठच दिवस चाल्ल्या म्हन्ल्या ना? आन् भाऊ, ह्या उन्हात कोट?

जगन्नाथ : मंठ्याला संध्याकाळी गार पडतं.

प्रेमला : गोजरबाई, माझं ते बोचकं तेवढं...

गोजरबाई : त्याची काळजीच सोडा. पोचलं असंल आता.

प्रेमला : कुठे?

गोजरबाई : मंठ्याला! आमचे माऊलीभावजी सकाळी जीपनं तिकडंच चाल्ले होते. म्या म्हनलं, म्हातारी मानसं, कशाला वझं वागवतील? देलं पाठवून. बराबर मीनाताईच्याच हातात द्या म्हनलं.

जगन्नाथ : प्रेमला, खुर्ची दे.

गोजरबाई : काय झालं? काचेचं होतं का काही त्यात?

जगन्नाथ : त्यात कॅनडा होता.

गोजरबाई : आं?

प्रेमला : आमचे पासपोर्ट होते हो. आम्ही मंठ्याला नाही, वरदकडे निघालोय.

गोजरबाई : मंग मला खोटं बोलल्या? मला? तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राह्यलो आपण!

प्रेमला : मागच्या वेळी खरं बोलले होते, आठवतं ना? अकरा नारळ, शाल, ओटी. चौकात फ्लेक्स लागला, 'कॅनडा दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', आणि यांचा फोटो घमेल्याएवढा. तिसऱ्या दिवशी व्हिसा नाकारल्याचं कळलं. फ्लेक्स मात्र दोन महिने हलला नाही. मी भाजीला मागच्या बोळातून जायचे. यांना तर न्हावी रोज विचारायचा, "साहेब, केव्हा आलात?"

गोजरबाई : त्यो फ्लेक्स अजून हाय आमच्याकडं. त्याच्यावर मिरच्या वाळू घालते.

जगन्नाथ : मिरच्या नंतर. आधी माऊलीला फोन लावा.

गोजरबाई : लावून राह्यले ना. हालो! भावजी, कुठं हाव? ... वाटूर फाट्यावर? अजून? सकाळच्यापून? ... बरं, बोचकं? ... बोचकं कुठं हाय इचारते मी! ... हाय? मांडीवर? मंग तिथंच बसा, बिलकुल हलू नका. ... चहा प्या अजून एक! काहून म्हून काय इचारता, कॅनडा हाय त्यात! ... ठिवते. भाऊ, जीप भरंना म्हून बसलेत. बरं झालं आमच्या भावजीला कशाचीच जल्दी नसते.

जगन्नाथ : फाटा उलट्या दिशेला. तासभर जायचं, तासभर यायचं, मग समृद्धीने मुंबई. जमेल. गाडीवाल्याला आत्ताच बोलावतो.

प्रेमला : आणि बोचकं घरात आणायचं नाही. फाट्यावरून तसंच पुढे.

गोजरबाई : तुमचं परस्थान चांगलं चाळीस किलोमीटर फुडं गेलं की वहिनी.

जगन्नाथ : कॅनडापासून चाळीस किलोमीटर लांब गेलं! गाडी येतेय दहा मिनिटांत. वरदला कळवतो, थोडा घोळ झालाय म्हणून.

प्रेमला : नका! फोन नका करू. अंतरा जवळ असली तर?

गोजरबाई : असली तर काय झालं? पोरगी खूश होईल, आजी येती म्हून.

प्रेमला : तिला सांगितलेलंच नाही. गल्लीचं सोडा गोजरबाई. गल्ली हसते आणि विसरते. मागच्या वेळी तिने आमच्यासाठी आपला पलंग रिकामा करून ठेवला होता. महिनाभर स्वतः खाली झोपली. मग तिला कळलं, आम्ही येत नाही. तीन महिने फोनवर आली नाही पोरगी. वरद बोलवायचा, तर लांबूनच म्हणायची, "आजी नुसतं येते म्हणते." म्हणून मीच वरदला म्हटलं, विमान उतरेपर्यंत तिच्याजवळ नाव काढू नको.

जगन्नाथ : मला म्हणालीस, तिला गंमत वाटावी म्हणून.

प्रेमला : तुम्हाला काय काय सांगू? तुम्ही बॅगांची वजनं करत होता.

गोजरबाई : मंग आता दार उघडल्यावर काय म्हन्नार तिला?

प्रेमला : काही नाही. दारातच उभी राहीन. ती 'आत ये' म्हणेपर्यंत.