सुनेनं चक्के मागितलं

—न्हाई, आत्ताच आत जाऊ नका विहीनबाई, नर्स हाय आत. बसा हितं बाकावर. भालकीपासून एस्टीत उभ्यानंच आलाव का? तोंड सुकलंय तुमचं. तुमची उमा बरी हाय, शुद्धीवर हाय — उन्हानं चक्कर आली, टँकरपाशी पडली, बस एवढंच. औंदा ऊनच तसलं. लातूर जिल्हा झाला म्हून पेढे वाटले आमच्या अहमदपुरात, आन् अजून पानी टँकरचंच.

खात होती का? हाव, खात होती की... थोडंबहुत. दिवस गेल्यापासून उलट्या लई. मग एक दिवस म्हनली, "आत्या, चक्के द्या जरा." आता आमच्या घरात कानडी कुनाला येतंय? मला वाटलं चक्का मागून राहिली — दह्याचा, फडक्यात टांगलेला! म्हैस छावणीत, च्याला दूध न्हाई, आन् हिला चक्का! मी हसले. भरल्या ओसरीत हसले. "राजाची रानी आली, श्रीखंड करा गं हिला" — समदे हसले, तिचा नवरा बी. ती बिचारी हातानं दाखवून राहिली, असं सालीवानी, गुंडाळल्यावानी... आमी अजूनच हसलो.

मला काय ठाऊक? — ठाऊक झालं हो, त्याच दुपारी झालं. शेजारची खातूनबी, तिचं माहेर बीदरचं, ती म्हनली, "अगं नीलाबाई, चक्के म्हंजे दालचिनी. झाडाच्या सालीला, लाकडाच्या ढलपीला बी तेच म्हनतात तिकडं. आमच्यात कलमी म्हनतात. तुमच्या 'दालचिनी'त तर दाल बी हाय आन् चिनी बी, म्हून काय वरनात साखर घालता का? पोरीला तोंडात धरायला पायजे, मळमळतंय म्हून." दालचिनी घरात होती. मसाल्याच्या डब्यात, हाताशी. बोटभर तुकडा. उठून द्यायचा होता फकस्त.

न्हाई दिला. दिला असता तर चुकले म्हनावं लागलं असतं — सुनेपुढं.

दालचिनीनं समदं टळलं असतं असं न्हाई म्हनत मी. पन त्या दिवसापासून तिनं मागनंच सोडलं. भाकर मागितली न्हाई, अंग दुखतंय म्हनली न्हाई. परवा मी हंडा हातात दिला तवा तोंड पांढरंफट — तरी एक शब्द न्हाई. म्हनावं तरी काय, आन् कोनच्या भाषेत? आमी हसनारच की! गेली गुमान, आन् तिथंच पडली, हंड्यासकट. लेकरू —

तुमाला सांगितलं न्हाई का कुनी? मला वाटलं, माझ्या लेकानं तार केली तवा... अगं बाई. माझ्याच तोंडून... गेलं हो. गेलं लेकरू.

असं नका बघू. शिव्या द्या मला —

ती बघा, नर्स बोलवून राहिली. जावा. मी न्हाई येत, मला बघितलं की भिंतीकडं तोंड करती. तुमच्या भाषेत बोला तिच्याशी, काय पायजे ते इचारा. तुमच्यापाशी मागंल ती. जावा म्हनते ना! आन् दार लोटून घ्या.