एकादशीचे फ्रेंच बटाटे

उपास नेमका कशानं मोडतो, ते मले अजून समजलं नाही बाई. माझे धाकटे दीर फ्रान्सहून शिकून चिखलीले आले, तवाची गोष्ट. एकादशी होती. त्यांनी बटाट्याच्या चकत्या सायीत शिजवल्या, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. खीर म्हणावं तर मीठ, भाजी म्हणावं तर जायफळ. सासूबाईंनी मात्र दोनदा घेतलं.

मी विचारलं, "भावजी, हा वास कशाचा?"

"लसणाचा. पातेल्याले आतून घासला अन् फेकून दिला. तिकडची रीतच आहे."

आमचे हात ताटातच थांबले. एकादशीले लसूण.

सासूबाईंनी जरा विचार केला. "फेकला न बाप्पा?"

"हो, आई."

"मंग उपास पातेल्याचा मोडला. मले वाढ."