‘नाही’चं बटण

(सानगडी. शकुनचं घर. खाटेवर तिची बावीस वर्षांची दुर्गा. जन्मापासून वाचा नाही, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हुकमात. पुढ्यात संस्थेनं दिलेला मोबाईल. ती चित्र दाबते, तो बोलतो. योगेंद्र संस्थेचा माणूस.)

योगेंद्र : पण मावशी, मान सरळ करा ना तिची! भिंतीकडं पाहून राहिली. व्हिडिओत नुसता कान येऊन राहिला.

शकुन : अकडते तिची मान. लहानपणापासून तसंच आहे. थांबा, करतो सरळ. हां. आता पाहा, कशी नवरीवानी दिसते.

योगेंद्र : छान. आता मी विचारतो, तिनं फक्त बटण दाबायचं. सुरू करू? दुर्गाताई, नागपूरला आपल्या संस्थेच्या निवासी केंद्रात राहायला आवडेल ना तुम्हाला?

मोबाईल : हो.

योगेंद्र : वा! पाहिलं मावशी? स्वतःच्या तोंडानं बोलली.

शकुन : स्वतःच्या? ही तं पुण्याची कोणी बाई बोलली. आमच्या सानगडीत इतकं गुळगुळीत कोणी बोलत नाही. मतं मागाले आलेला माणूसबी नाही.

योगेंद्र : आवाज कोणाचाही असो, संमती तिची आहे. व्हिडिओ संध्याकाळच्या आत वर पाठवायचा आहे. परवा केंद्राचं उद्घाटन. पाहुणे येतात, आणि एकही पोरगी भरती नसेल, तर फीत कापून आत काय दाखवायचं? खुर्च्या?

शकुन : दाखवा ना. खुर्च्याबी ‘नाही’ म्हणत नाहीत.

योगेंद्र : मस्करी नको, मावशी. मागच्या वेळी तुम्हीच रडल्या होत्या. ‘मी मेल्यावर हिचं कोण करल’ म्हणून.

शकुन : रडली. आताबी रडन, पण तुमच्या व्हिडिओत नाही. त्याच काळजीपायी तुम्हाले घरात घेतलं, चहा पाजला. पण तिनं खरंच ‘हो’ म्हटलं का, ते मले पाहू द्या. सरका जरा. दुर्गा, गधड्यावर बसून साकोलीले जाशील का?

मोबाईल : हो.

शकुन : तुह्या मायले नागझिऱ्याचा वाघ घेऊन गेला, तं चालते का?

मोबाईल : हो.

शकुन : या योगेंद्रभाऊसंग लगन करतेस?

मोबाईल : मी आनंदी आहे.

योगेंद्र : मावशी!

शकुन : घाबरू नका, मुहूर्त नाही काढत. मले एक सांगा. याच्यात पाणी आहे, जेवण आहे, संडास आहे, टीव्ही आहे, आई आहे. ‘हो’ आहे. ‘धन्यवाद’ तं ताटाएवढं मोठं आहे. ‘नाही’ कोठं आहे?

योगेंद्र : तज्ज्ञांची समिती होती. त्यांनी सकारात्मक शब्द निवडले. नकारात्मक शब्दांचा मनावर परिणाम होतो म्हणे.

शकुन : कोणाच्या मनावर? समितीच्या? समितीत एखादं मुकं माणूस होतं का?

योगेंद्र : अध्यक्ष बोलून राहिले होते तेव्हा बाकीचे सगळेच होते.

शकुन : हे खरं बोलले तुम्ही. आता बटण बनवा.

योगेंद्र : मला परवानगी नाही. कुलूप आहे त्याला, पासवर्डचं.

शकुन : पासवर्ड तुम्हाले माहीत आहे?

योगेंद्र : आहे, पण...

शकुन : मंग काढा. नाहीतर व्हिडिओत मी बोलतो. मी तोंड उघडलं, का बाजारातल्या मेल्या मासोळ्या उठून पळतात. कोणालेबी पुसा.

योगेंद्र : माझी नोकरी जाईल, मावशी.

शकुन : कायले जाते? ‘धन्यवाद’ दाबत राहा.

योगेंद्र : बरं बाई. हे पाहा, पासवर्ड ‘हसतमुख’. उघडलं. आता इथं तोंड आणा आणि बोला.

शकुन : नाही!

योगेंद्र : हळू बोला ना. पाहुण्यांच्या अंगावर आल्यावानी वाटते.

शकुन : हळू म्हटलेलं ‘नाही’ ऐकते कोण? राहू द्या तसंच. चित्र पाहिजे? माह्या हाताचं घ्या, असा आडवा. दुर्गा, इकडं पाह्य. हे दाबलं का ते पुण्याच्या बाईचं ‘हो’. हे दाबलं का मायचं ‘नाही’. आता सांग, मले वाघ घेऊन गेला तं चालते का?

मोबाईल : नाही!

शकुन : वाचली बापा मी! आता पुसा तुम्ही. व्हिडिओ चालू ठेवून पुसा.

योगेंद्र : दुर्गाताई, केंद्रात राहायला आवडेल?

मोबाईल : नाही!

योगेंद्र : तिथं खूप शिकवतील. चित्रांची मोठी पाटी, शेकडो शब्द, वाक्यं जुळवायची. शिकायला आवडेल ना?

मोबाईल : हो.

योगेंद्र : मग तिथं राहाल?

मोबाईल : नाही!

शकुन : समजलं? शिकायचं आहे, राहायचं नाही.

योगेंद्र : असं अर्धं-अर्धं नाही चालत. राहणं आणि शिकणं जोडीनंच आहे.

शकुन : साबणावर वाटी फुकट, तसं? मोबाईल तं इथंच आहे. त्याच्यात शब्द भराले नागपूर कायले लागते?

योगेंद्र : लागत नाही. खरं सांगू का, हप्त्यातून एकदा मीच येऊन भरू शकतो. मधात व्हिडिओ कॉलवर शिकवता येते. पण वरच्यांना काय सांगू?

शकुन : सांगू नका काही. हाच व्हिडिओ पाठवा.

योगेंद्र : मावशी, वरून ‘पोरगी भरती कर’ म्हणून फोन आला ना, तवा मलेबी असं एक बटण पाहिजे होतं.

शकुन : बनवून घ्या. आवाज माहा आहेच. आन् माह्या मरणाची काळजी गेली असं समजू नका. ती तशीच आहे. या पुढच्या हप्त्यात, शब्द घेऊन या.

योगेंद्र : येतो. दुर्गाताई, येऊ ना?

मोबाईल : हो.

शकुन : गेला बिचारा. पाहिलं वो माय, कसं तोंड उतरलं त्याचं! चाल, आता जेव. तुह्या बाबानं पहाटेच तळ्यातून रोहू आणला. बसून काटे काढले मी, एक नाही ठेवला.

मोबाईल : नाही!

शकुन : भूक नाही का?

मोबाईल : जेवण.

शकुन : मंग आ कर ना. पोटाकडचा तुकडा आहे, तुह्या आवडीचा.

मोबाईल : नाही!

शकुन : नवीन खेळणं भेटलं म्हणून दाबत नको बसू. इकडं मान कर. झाली पुन्हा भिंतीकडं! अकडली वाटते. थांब, तेल लावून सरळ... थांब वो. थांब जरा. दुर्गा, तुले मासोळी आवडत नाही का?

मोबाईल : नाही!

शकुन : कालचीबी? लगनात खाल्ली तेबी? लहान होती तवापासूनच?

मोबाईल : हो.

शकुन : ढिवराच्या घरची पोट्टी! बाप मासोळी धरते, माय मासोळी विकते. आन् मी रोज तुही मान धरून घास कोंबून राहिली. त्या पोराच्या समितीले नावं ठेवली सकाळपासून. या घरातबी समितीच होती, एका बाईची.

मोबाईल : आई.

शकुन : ऐकून राहिली. वरण गरम करतो तुह्यासाठी. बाबाले मी सांगन. आन् मान राहू दे तिकडंच, आता मी नाही फिरवत.